ध्येय शोधणाऱ्या नायकाचा खर्च कोण करतं?

पानगळ

वय वीस-पंचविशी, डिग्री हातात आलेली किंवा हातातून निसटलेली, घरचे विचारतायत "आता पुढे काय?", आणि उत्तर नायकाकडेही नाही. या जातकुळीच्या कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचत आलेय. अलीकडे त्यांतल्या काही परत काढल्या. पूर्वी नायकाच्या डोक्यात काय चाललंय तेवढंच बघायचे. या खेपेला लक्ष भलतीकडेच जायला लागलं : याच्या जेवणाचे पैसे कोण भरतंय?

सुरुवातीला गंमत म्हणून विचारलेला प्रश्न, पण पाठ सोडेना.

सॉमरसेट मॉमच्या 'द रेझर्स एज' (१९४४) मधला लॅरी घ्या. पहिल्या महायुद्धात विमान चालवून आलेला पोरगा. त्याला वाचवताना मित्र मरतो, आणि परतल्यावर लॅरी सरळ सांगतो की मी नोकरी करणार नाही. पॅरिसला जाऊन दिवसदिवस वाचत बसतो, कोळशाच्या खाणीत उतरतो, शेतावर राबतो, शेवटी भारतात येऊन एका साधूपुरुषाच्या आश्रमात राहतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारावून गेले होते. पण लॅरीला वर्षाला तीन हजार डॉलरचं बांधीव उत्पन्न आहे! मॉम ते लपवत नाही. त्याची वाग्दत्त वधू इझाबेल नेमकी त्याच आकड्यावरून त्याच्याशी वाद घालते, की एवढ्यात संसार कसा व्हायचा. आपण वाचक मात्र इझाबेलला पैशाची हावरी ठरवून मोकळे होतो. शेवटी लॅरी ते उत्पन्नही सोडून देतो आणि टॅक्सी चालवायचे बेत करतो, पण तोवर त्याचा शोध आटपलेला असतो.

गोंचारोव्हचा 'ओब्लोमोव' (१८५९) तर या बाबतीत उघडावाघडाच आहे. पहिला सबंध भाग नायक अंथरूण सोडत नाही. येणारे येतात, जाणारे जातात, हा आपला पडल्या पडल्या विचार करतोय की आयुष्याचं काय करावं. इस्टेटीवरून पैसे येतात म्हणून पडून राहता येतं, आणि इस्टेट चालते भूदासांवर. रशियात ती पद्धत रद्द झाली १८६१ मध्ये, म्हणजे पुस्तक आल्यावर दोन वर्षांनी. त्याचा नोकर झाखार फर्मास उतरलाय, पण त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटतं हे विचारायला कादंबरी थांबत नाही.

आणि आपली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात हौसेने पदं घेतो, मेस चालवायला घेतो, सगळ्याचा विचका होतो, नापास होऊन गावी परततो. बापाशी असलेलं त्याचं भांडण आपण 'पिढ्यांचा संघर्ष' वगैरे म्हणतो. बारकाईने वाचा, त्यातलं बरंचसं भांडण हिशेबाचं आहे. बापाने किती पाठवले, याने कशावर उडवले.

याउलट मॉमचीच आधीची 'ऑफ ह्यूमन बॉंडेज' (१९१५). फिलिप केरी चित्रकार व्हायला पॅरिसला जातो, ते जमणार नाही हे ओळखून लंडनला डॉक्टरी शिकायला लागतो, आणि मध्येच शेअरांच्या सट्ट्यात वारशाचे होते नव्हते ते पैसे घालवतो. मग उघड्यावर रात्री काढतो, आणि अखेर कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांना "इकडून पुढे, मग डावीकडे" सांगायची नोकरी धरतो. त्या दिवसांत त्याला जीवनाचा अर्थबिर्थ शोधायला फुरसत नाही. तो फक्त काका कधी मरतो याची वाट बघतो. इतकी निर्लज्ज, इतकी खरी पानं या प्रकारच्या कादंबऱ्यांत मला दुसरीकडे सापडली नाहीत.

तर प्रश्न दोन. असं वाचणं म्हणजे कादंबरीवर अन्याय का? आणि शोधणाराच स्वतःचा खर्च भागवतोय अशा कादंबऱ्या कोणत्या?


तिरकस

शीर्षक वाचून आधी वाटलं धागा आमच्या तीर्थरूपांनीच काढलाय.


ढब्बू पैसा

धागा झकास, पण मुद्दा मला अर्धाच पटला.

बाप पैसे पाठवतो म्हणून मुलाचा प्रश्न खोटा ठरतो का? पोट भरलेल्या माणसाला पडलेला प्रश्नही प्रश्नच असतो. किंबहुना पोट भरल्यावरच तो स्वच्छ दिसतो, कारण "पैसे मिळाले की सगळं ठीक होईल" ही पळवाट तोवर बंद झालेली असते. ओब्लोमोवकडे सगळं आहे आणि तरी तो उठत नाही, हीच तर त्या पुस्तकातली भीती आहे. उपाशी माणूस अंथरुणातून उठला नाही तर त्यात कसली कादंबरी?

'कोसला'बद्दल तर ठाम असहमत. हिशेबाची भांडणं आहेत, मान्य. पण त्या कादंबरीचा कणा तिथे नाही. धाकटी बहीण देवीच्या रोगाने मरते, ती पानं काढा. तोवर पांडुरंगचं सगळं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'त चाललेलं असतं, कशालाच तो अंगाला लागू देत नाही. आणि तिथे ती टवाळी त्याच्या उपयोगाला येत नाही. घरातल्या प्रत्येकावर तो चवताळतो, लहान मुलासारखा. ते दुःख कुणाच्या पैशावर पोसलंय असं विचारणार का तुम्ही? नेमाडे तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते, हे लक्षात घेऊन ती पानं वाचली की अजूनच थक्क व्हायला होतं.

अवांतर : मॉमच्या काकांबद्दलच्या उताऱ्याशी मात्र १०० टक्के सहमत. फिलिपच्या मनात औषधाचा डोस वाढवण्याचा विचार येऊन जातो, तिथे मी पुस्तक मिटून फेरी मारून आलो होतो.


पानगळ

@ढब्बू पैसा, प्रश्न खोटा आहे असं मी म्हटलेलं नाही. कादंबरी बिल दाखवते की लपवते, एवढंच बघतेय. 'कोसला' दाखवते, म्हणून तर ती जास्त टिकली असं माझं मत. बहिणीच्या मृत्यूबद्दल तुम्ही म्हणता ते कबूल, तिथे माझी फूटपट्टी चालत नाही.


कुंपणावरची

वाचनखूण साठवली. पण वर आलेली नावं बघा जरा. लॅरी, ओब्लोमोव, पांडुरंग, फिलिप. बायका शोधत नव्हत्या का काही?

'कळ्यांचे निःश्वास' वाचलंय का कुणी? १९३३ चं पुस्तक, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेलं. कादंबरी नाही, कथा आहेत, पण या धाग्याला त्यांच्याइतकं चपखल दुसरं काही नसेल. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या तरुण मुली. पुस्तक आल्यावर एवढा गदारोळ झाला की ही बाई कोण याचाच शोध लोक घेत सुटले. त्या होत्या मालतीबाई बेडेकर.

त्यातल्या एका कथेचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असं आहे. मुलगी कमावते, तिच्या पगारावर घर चालतं, भावंडं शिकतात, आणि तिचं लग्न हा विषय सगळ्यांनाच सोयीस्करपणे सुचेनासा होतो. पानगळ, तुमचा प्रश्न इथे डोक्यावर उभा राहतो. शोधणारीचा खर्च कोण करतं असं विचारायची सोयच नाही, कारण तीच सगळ्यांचा खर्च करतेय. "माझं आयुष्य कशासाठी?" हा प्रश्न तिला पडतो तोच मुळी पगार घरात दिल्यावर. पांडुरंगला बाप पैसे पाठवतो आणि वर बोलणी ऐकवतो. या मुलीकडून बाप पैसे घेतो, आणि बोलणी तरीही तिलाच.

गंमत अशी की मालतीबाईंचे यजमान विश्राम बेडेकर. त्यांची 'रणांगण' आली १९३९ मध्ये. त्यातला चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने परत येतोय, कशावरही विश्वास न उरलेला तरुण, आणि त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंमध्ये त्याला हॅर्टा भेटते. कादंबरी म्हणून मोठीच. पण एकाच घरातल्या या दोन पुस्तकांपैकी 'हरवलेल्या तरुणाची कादंबरी' म्हणून नाव कुणाचं निघतं ते तुम्हीच बघा. मालतीबाईंचं पुस्तक 'स्त्रियांच्या प्रश्नां'च्या कप्प्यात जातं. चक्रधरचा तो अस्तित्वाचा प्रश्न, आमचा तो हुंड्याचा.

जाता जाता 'सुशीलेचा देव' (१९३०). वामन मल्हार जोशींनी एका बाईला चक्क तात्त्विक शोध घ्यायला लावलाय, तिची देवाची कल्पना वयाबरोबर बदलत जाते. चर्चा जरा फार आहेत, पण १९३० साली हे कुणी लिहिलं याचंच मला अप्रूप.


सांजवात

कुंपणावरची, टाळ्या! यात 'द बेल जार' घालायलाच हवं. सिल्व्हिया प्लाथची ही कादंबरीसुद्धा १९६३ चीच, 'कोसला'ची जुळी बहीण म्हणा. व्हिक्टोरिया लुकास या टोपणनावाने जानेवारीत प्रसिद्ध झाली आणि फेब्रुवारीत प्लाथ गेली.

एस्थर ग्रीनवुड, हुशार, शिष्यवृत्तीवर शिकणारी, १९५३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला एका फॅशन मासिकात महिनाभरासाठी निवडली गेलेली. तिचा तो अंजिराच्या झाडाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. झाडाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला एक पिकलेलं अंजीर, आणि प्रत्येक अंजीर म्हणजे तिचं एक संभाव्य आयुष्य. नवरा आणि मुलं, नावाजलेली कवयित्री, प्राध्यापक, संपादक, परदेश, प्रियकर, पार ऑलिम्पिकपर्यंत. एक तोडलं की बाकीची गेली. ती ठरवू शकत नाही, फांदीच्या बेचक्यात उपाशी बसून राहते, आणि अंजिरं सुरकुततात, काळी पडतात, एकेक करून तिच्या पायाशी पडतात. पांडुरंगच्या झाडाला काही लागतच नाही. एस्थरचं झाड लगडलंय आणि तरी उपासमार.

आता पानगळचा प्रश्न. एस्थरची शिष्यवृत्ती देणारी एक श्रीमंत लेखिका आहे, लोकप्रिय कादंबऱ्या लिहून पैसा कमावलेली. एस्थर कोसळते तेव्हा सरकारी इस्पितळातून तिला काढून चांगल्या खाजगी इस्पितळात हलवण्याचा खर्चही हीच बाई करते. म्हणजे कुणीतरी पैसे दिले म्हणून ती वाचली, आणि हे एस्थरला पक्कं ठाऊक आहे. तिला कृतज्ञ वाटायला हवं असं ती स्वतःच म्हणते, आणि तिला काहीच वाटत नाही. मला ते वाक्य अंजिरांपेक्षा जास्त लागलं.


आडवा बोळ

१९६३ चा विषय निघालाच आहे तर तिसरं पुस्तकही घ्या. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्याच वर्षीचं.

शीर्षककथेतला तरुण पांडुरंगपेक्षा फार लांबचा नाही. शिकलेला, वाचणारा, डोक्यात नव्या देशाची स्वप्नं. रेल्वेत नोकरी लागलीय, परगावी. कामावर हजर होतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. राहायला जागा मिळावी म्हणून तो जात लपवतो. सोबतचे त्याला मान देतात, त्याच्या बोलण्यावर खूश होतात. मग खरं कळतं, आणि तीच माणसं त्याला मारतात.

याचा खर्च कोण करतं? तो स्वतः. नोकरी आहे, पगार आहे. पानगळच्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो. पण शोधाला लागणारं भांडवल म्हणजे नुसते पैसे नाहीत हे इथे कळतं. पांडुरंगला पुण्यात वसतिगृहाची खोली मिळाली, त्या खोलीत दार लावून त्याला उदास होता आलं. ओब्लोमोवला अंथरूण होतं. या पोराला दार लावायला खोलीच नाही. "मी कोण?" हा प्रश्न त्यालाही आहे, फक्त तो घरमालक विचारतो.

म्हणून 'हरवलेल्या पिढीचा आवाज' वगैरे 'कोसला'बद्दल ऐकलं की माझ्या कपाळाला आठी येते. पुस्तक मोठं आहे, वादच नाही. पण एकाच वर्षी दोन तरुण हरवले होते आणि एकालाच कुणीतरी शोधायला गेलं.


ढब्बू पैसा

@आडवा बोळ, कथा वाचलीय, जबरदस्तच आहे. पण 'कोसला'ने सगळ्यांचा आवाज असल्याचा दावा कुठे केलाय? तो समीक्षकांनी चिकटवला. पांडुरंग तर सुरुवातीपासून स्वतःबद्दल सोडून कुणाबद्दल बोलायलाच तयार नाही.


आडवा बोळ

दावा पुस्तकाचा नाही, वाचकांचा, हे मान्य. माझी तक्रारही वाचकांबद्दलच आहे. आणि त्यात मी आलो, तुम्ही आलात, हा धागा आला. बागुलांचं नाव यायला किती प्रतिसाद जावे लागले ते वर जाऊन मोजा.


तिरकस

वर जाऊन मोजले. बोळ यांचा मुद्दा बिनतोड आहे. (माझा प्रतिसाद धरू नये, तो वडिलांसाठी होता.)


खडूफळा

पेशाने मास्तर आहे, त्यामुळे 'बनगरवाडी'वर उडी टाकणारच. व्यंकटेश माडगूळकर, १९५५.

पानगळ यांनी विचारलं की स्वतःचा खर्च भागवणारा कोण. हा पोरसवदा मास्तर. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक होते म्हणून जातो. कुठलंही ध्येय घेऊन निघालेला नाही, पगार आहे म्हणून निघालाय. पोचतो तर शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागे. आधी गावाला पटवायचं की पोरं शाळेत पाठवा. मग हळूहळू लोक त्याच्याकडे भलतीच कामं घेऊन यायला लागतात. कुणाचा अर्ज लिही, कुणाचं तालुक्याचं काम कर, कुणाच्या भांडणात मध्ये पड. मास्तर कुरकुरतो, करतो. कारभाऱ्याशी सूर जुळतो, बिनसतो, परत जुळतो. मग गावासाठी तालीम बांधायचं त्याच्या मनात येतं, लोक अंगमेहनत देतात, आणि उद्घाटनाला खुद्द औंधचे राजेसाहेब येतात.

हा मुलगा एकदाही "माझ्या जगण्याचा हेतू काय?" म्हणत नाही. विचारायला तो रिकामा नसतोच. आणि तरी मला विचाराल तर तरुण माणसाला आपलं काम कसं सापडतं यावरचं हे मराठीतलं सर्वात खरं पुस्तक. आधी काम गळ्यात पडतं, ओढ मागून येते. आमच्या पेशात तर हे रोज बघतो. शिक्षक व्हायचं स्वप्न बघून आलेले दोन वर्षांत वैतागतात, आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेल्यांतले काही असे रमतात की सुट्टीतही शाळेच्या आवारात दिसतात.

आणि माडगूळकर याचं कौतुक करून थांबत नाहीत, हे महत्त्वाचं. दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, कारभारी आधीच गेलेला, माणसं एकेक करून वाडी सोडतात. शाळा आहे पण गावच नाही. मास्तरने केलेल्या सगळ्या कामाचं काय झालं? उत्तर नाही. तोही निघतो.


पानगळ

खडूफळा सर, तुमच्या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. पण मग 'बनगरवाडी' या प्रकारातली म्हणायची का? शोधाची कादंबरी म्हणजे शोधणारा हवाच ना?


खडूफळा

नसेना का. मला उलट शंका येते की ज्याला शोधायचं सुचतं त्याला सापडत नाही, हा या कादंबऱ्यांचा ठरलेला रिवाज झालाय. लेखकालाही ते सोयीचं, कारण सापडल्यावर पुढची दोनशे पानं लिहायची कशावर?


पहिलाच पगार

इथे नवीन आहे, आतापर्यंत फक्त वाचत होते. तुम्ही सगळे ज्या वयाच्या नायकांबद्दल बोलताय त्या वयाची मीच इथे असेन बहुतेक, म्हणून धीर करून लिहितेय.

खरं सांगू का, पांडुरंग, एस्थर वगैरे वाचताना मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांना निदान पडझड करून घ्यायला वेळ होता. मी आणि माझ्या मैत्रिणी, आमचं सगळं 'आधी नोकरी लागू दे, मग बघू'वर चाललं होतं. नोकरी लागली. आता 'मग' आलंय आणि बघायचं काय ते कळत नाही. सकाळी जाते, संध्याकाळी येते, कामात वाईट नाही, लोक बरे आहेत, पगार वेळेवर होतो. रडण्यासारखं काही नाही, त्यामुळे कुणाला सांगताही येत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग काय हवंय तुला?" प्रश्न रागाने विचारला नव्हता तिने, खरंच विचारला होता.

तर माझा प्रश्न. या कादंबऱ्या नोकरी लागण्यापाशी किंवा नापास होण्यापाशीच का संपतात? नोकरी लागल्यानंतरची हरवलेली माणसं कुठे आहेत? आणि हो, कृपया 'आवडीचं काम शोध' म्हणू नका.


कुंपणावरची

@पहिलाच पगार, स्वागत, आणि लिहीत राहा. तो शेवटचा सल्ला इथे कुणी दिला तर मी आहे बघायला.

'इंग्लिश, ऑगस्ट' वाचा, उपमन्यु चॅटर्जी, १९८८. अगस्त्य सेन, चोवीस वर्षांचा, आयएएस होऊन मदना नावाच्या काल्पनिक, भाजून काढणाऱ्या जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला. म्हणजे अर्धा देश ज्या नोकरीसाठी रात्री जागवतो ती याला मिळालेली आहे, वडील चक्क राज्यपाल. आणि हा विश्रामगृहाच्या खोलीत पंख्याकडे बघत पडलाय, गांजा ओढतोय, मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचं तत्त्वचिंतन वाचतोय, आणि कुणी साधी चौकशी केली की वाटेल त्या थापा ठोकतोय. अतिशय विनोदी आहे. आणि हसता हसता कधीतरी लक्षात येतं की हा माणूस वाईट नाही, आळशीही नाही फारसा, फक्त त्याला जिथे बसवलंय तिथे तो नाहीये.

तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. पण तो प्रश्न कुणीतरी चारचौघांत मोठ्याने विचारलाय एवढा दिलासा आहे.


ढब्बू पैसा

आणि मराठीत हवं असेल तर नेमाड्यांकडेच परत जा. पण 'कोसला' नको, त्यानंतरचं चांगदेव चतुष्टय. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल', सगळ्या सत्तरच्या दशकातल्या. चांगदेव पाटील म्हणजे पांडुरंग नव्हे, पण त्याला नोकरी लागली असती तर काय झालं असतं याचा अंदाज येतो. इंग्रजीचा प्राध्यापक. एका गावचं कॉलेज, तिथली जातीची गणितं, संस्थाचालकांचं राजकारण, भाड्याची खोली, खानावळ, मग ते सोडून दुसरं गाव, दुसरं कॉलेज, तीच गणितं. सलग वाचलं तर कंटाळा येतो, आणि तो कंटाळा मुद्दाम आणलाय अशी माझी खात्री आहे. 'कोसला'चे चाहते इथे गळतात. मला या चार जास्त धाडसी वाटतात, कारण इथे नायकाला कोसळायचीही मुभा नाही. उद्या तास आहे.

पानगळ, हे तुमच्या मुद्द्याच्या विरोधात जातं बरं का. चांगदेवचा खर्च चांगदेवच करतो. फरक काय पडला?


पानगळ

फरक पडला तो असा की त्याला गाव सोडता येतं. राजीनामा देतो आणि निघतो. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या मुलीला ते शक्य नाही, घर तिच्यावर आहे. बागुलांच्या तरुणाला गाव सोडावंच लागतं, आणि पुढच्या गावी परत खोलीचा प्रश्न आहेच. पगार तिघांनाही आहे. म्हणून पैशाइतकाच दुसरा एक हिशेब बघायला हवा, की याच्यावर कोण अवलंबून आहे आणि याला जाऊ कोण देतं. आडवा बोळ आणि कुंपणावरची यांच्या प्रतिसादांनंतर प्रश्न जरा रुंद झालाय माझा.


सांजवात

तरी 'वासूनाका' (१९६५) कुणी काढलं नाही याचं नवल. भाऊ पाध्यांची ती नाक्यावरची टोळकी. पोक्या आणि त्याचे दोस्त. ध्येय वगैरे शब्द त्यांच्या तोंडी चुकूनही येणार नाही. आणि लोकांनी तेव्हा आरडाओरडा केला तो अश्लीलतेवरून. पोरं रिकामी का उभी आहेत यावरून कुणी ओरडलं नाही.


ढब्बू पैसा

आता एक शेवटची काडी टाकतो. या साच्याचा मूळपुरुष म्हणून जर्मन लेखक गटेच्या कादंबरीतल्या विल्हेल्म माइस्टरचं नाव घेतात (१७९५-९६). व्यापाऱ्याचा मुलगा, नाटकाचं वेड. घरचे त्याला पाठवतात कशाला, तर धंद्याची येणी वसूल करायला. आणि हा पठ्ठ्या वाटेत नाटकमंडळीत रमतो, आणि त्यांच्या कपडेपटासाठी पैसे काढून देतो.

म्हणजे पानगळ, तुमच्या शंकेला सव्वादोनशे वर्षांचा पुरावा. पहिल्या नायकापासूनच वसुलीच्या पैशांवर शोध चाललाय.


तिरकस

पुढे काय होतं त्याचं? सापडतं का?


ढब्बू पैसा

सापडतं म्हणजे, शेवटी कळतं की एक गुप्त मंडळ पहिल्यापासून त्याच्यावर नजर ठेवून होतं. मधूनमधून भेटणारी अनोळखी माणसं त्यांचीच. ते त्याला एका मनोऱ्यात नेतात आणि तुझी शिकाऊ उमेदवारी संपली असं लेखी देतात.


तिरकस

लेखी?? आणि नाटकवाल्यांना दिलेल्या पैशांबद्दल त्या कागदावर काहीच नाही?


पहिलाच पगार

'इंग्लिश, ऑगस्ट' सुरू केलंय. थापांचा भाग आलाय. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, याच्या आईला कुणी काही विचारलं की नाही?